डॉक्टर ‘पाच वर्षं’ म्हणतात तेव्हा

(आपल्या भागातल्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी जावा. एकाच घरात नांदतो, थोरली चोवीस वर्षं, धाकटी अठरा. रेडिओवर बोलायची ही पहिलीच वेळ, म्हणून काल रात्री भांडी आवरल्यावर दोघींनी बसून सगळं कागदावर उतरवलं. वाचणारी एक असली तरी बोलणं दोघींचं आहे.

आम्ही सांगणार आहोत ते आमच्या सासूबाईंबद्दल. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. जून २०१९ मध्ये त्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यांना विचारूनच आम्ही इथं आलोय. “सांगा खुशाल, पण माझं वय वाढवून सांगू नका,” एवढीच त्यांची अट. तर ऑपरेशनच्या वेळी त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन शब्द उच्चारले, ‘पाच वर्षं’. त्या दोन शब्दांनी आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो तुमच्या घरात होऊ नये म्हणून आजचं हे बोलणं.

आधी थोडं मागचं सांगतो. २०१८च्या दिवाळीच्या आधीपासून आत्यांना खोकला होता. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच गोड लागते म्हणून त्या चुलीपाशीच बसायच्या. त्यामुळं खोकला म्हणजे धुराचा, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. पुढं वजन उतरायला लागलं, ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. एक्स-रेत डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. खोकला हटला नाही. एक दिवस थुंकीत रक्त आलं.

ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांच्याबद्दल आम्हाला तक्रार करायची नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे, की डाग दिसला की आधी तोच मनात येतो. पण थुंकीत जंतू सापडले होते का, हे आम्ही विचारलं नव्हतं. सापडले नव्हतेच. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला, सुई घालून तुकडा तपासला, आणि तेव्हा कळलं की हा कॅन्सर आहे.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन मोठे प्रकार असतात. एक ‘स्मॉल सेल’ म्हणजे लहान पेशींचा आणि दुसरा ‘नॉन-स्मॉल सेल’. शंभरातल्या सुमारे ८५ जणांना हा दुसरा प्रकार असतो. आत्यांना तोच होता. लहान पेशींच्या मानानं तो सावकाश वाढतो आणि वेळेत सापडला तर ऑपरेशन करून काढता येतो. आपल्याकडे अडचण ‘वेळेत’ या शब्दापाशीच येते. बहुतेकांना तो उशिरा सापडतो आणि तोवर तो इतरत्र पसरलेला असतो. आत्यांचा पसरला नव्हता. पेट स्कॅन झाला, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद तपासली, जिने चढून दाखवायला लावले. मग डॉक्टर म्हणाले, “मावशी, काढू या.”

ऑपरेशन मुंबईला झालं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही आळीपाळीनं राहिलो. ज्यांनी ती जागा पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, तिथं प्रत्येक खोलीत एक कॅन्सर आणि त्याच्याभोवती एक घर असतं. खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना उपयोगी पडली. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

आपल्या उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात आणि डाव्याला दोन. आत्यांच्या उजव्या बाजूचा वरचा कप्पा गाठीसकट काढला आणि आसपासच्या लसिका ग्रंथीही तपासायला काढल्या. छातीत नळी घातली होती. ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली. बाटलीत बुडबुडे येत होते तोवर नळी काढली नाही. नवव्या दिवशी त्या घरी यायला निघाल्या.

दोन आठवड्यांनी तपासणीचा रिपोर्ट घ्यायला घरातले दोघं भाऊ गेले. गाठ साडेचार सेंटिमीटरची होती. ग्रंथी स्वच्छ होत्या. दुसरा टप्पा, त्यातला पहिला भाग. डॉक्टरांनी सांगितलं, “पाच वर्षांचा हिशोब धरला तर शंभरातले पासष्ट.” बाहेर रांग होती, तेवढ्यावर बोलणं संपलं. दोघं एसटीत बसले. दादर ते सातारा या प्रवासात ‘पासष्ट’ कुठंतरी गळून पडलं आणि घरी पोचले ते फक्त ‘पाच वर्षं’. थोरल्यानं ओसरीत चपला काढता काढता सांगितलं, “डॉक्टरांनी आईला पाच वर्षं दिलीत.”

आत्या आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून घराची रीतच बदलली. आत्यांनी ट्रंक उघडली आणि पाटल्या कुणाला, डोरलं कुणाला, ते सांगायला लागल्या. दावणीला शेळी घ्यायची ठरली होती, ती नको म्हणाल्या. “तिची करडं व्हायची कधी आन मी बघायची कधी?” त्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास आत ओढायच्या, पण आम्ही ओरडलो तरच. आणि आठवड्याच्या आत नातीच्या लग्नाचा विषय निघाला. नात म्हणजे थोरलीची लेक. तेव्हा सोळा वर्षांची होती, अकरावीत. “आजीच्या डोळ्यांदेखत अक्षता पडू द्या,” असं पाहुणे म्हणायला लागले, भावकी म्हणायला लागली. एका घराचं बोलणं तर मध्यस्थाच्या हाती आलंसुद्धा. पोर काही बोलायची नाही. पुस्तकं मात्र तिनं माळ्यावर ठेवून दिली होती.

आम्ही दोघी त्या रात्री मागच्या दारी बसलो. तोवर आमची तोंडं फारशी एका दिशेला नव्हती, हे खोटं कशाला सांगावं. पण त्या रात्री ठरलं, की डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते आपण आपल्या कानांनी ऐकायचं. पहिल्या किमोला आत्यांना घेऊन आम्हीच जायचं. सूनबाईंनी मुंबईला जाण्यावरून बोलणी झाली, पण गेलो.

तिथं डॉक्टरांना वेळ कमी होता. त्यांनी आम्हाला हॉस्पिटलातल्या समाजसेविकेकडे पाठवलं. त्या मुलीनं कागदावर पेननं शंभर टिंबं काढली. दहाच्या दहा ओळी. आणि म्हणाली, “ही शंभर माणसं समजा. सगळ्यांना मावशींएवढीच गाठ होती, सगळ्यांचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी मोजायला गेलं तर ६५ जण जिवंत आहेत. ३५ नाहीत. बस, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षं ही मुदत नाही. मोजायला थांबण्याची जागा आहे.”

आम्ही विचारलं, मग त्या पासष्टांचं पुढं काय?

“पुढं ते जगतात. पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी कुणी त्यांना न्यायला येत नाही,” ती म्हणाली. आत्या तिच्याकडं बघतच राहिल्या.

तिनं आणखी तीन गोष्टी सांगितल्या. आम्ही त्या कागदाच्या पाठीमागं लिहून घेतल्या होत्या. पहिली अशी, की न राहिलेल्या त्या पस्तिसांत सगळे कॅन्सरनंच गेलेले नसतात. वयानं, हृदयविकारानं, इतर आजारानं गेलेलेही त्यातच धरलेले असतात. दुसरी म्हणजे, हे आकडे सोळा देशांतल्या अशा रुग्णांवरून काढलेत, ज्यांचं निदान १९९९ ते २०१० या काळात झालं होतं. त्यानंतर उपचार पुढं गेलेत. आणि तिसरी आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटली. आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो. ती वर्षं नीट गेली की उरलेल्यांची बाजू आधीपेक्षा भक्कम होते. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा कायमचा कपाळावर लिहिलेला नसतो.

घरी आल्यावर आम्ही ओसरीत शंभर शेंगदाणे मोजून मांडले. दोघं भाऊ, सासरे, नात, सगळ्यांना बसवलं. पस्तीस बाजूला काढले. सासऱ्यांनी पासष्टांचा ढीग हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “हे तर लय हायत की.” लग्नाचा विषय त्या दिवशी संपला नाही, पण त्याची घाई संपली. सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न कायद्यानंही होत नाही, हे आधी कुणी ऐकत नव्हतं. ते आता ऐकू आलं. पुस्तकं माळ्यावरून खाली आली.

पण मैत्रिणींनो, बाजूला काढलेले ते पस्तीसही आम्ही विसरलो नाही. धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खोलीत कोकणातली एक बाई होती. आत्यांच्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. जिन्यात दोघी एकमेकींचा हात धरून पायऱ्या मोजायच्या. तिच्या ग्रंथींपर्यंत आजार गेला होता, तिसरा टप्पा. दुसऱ्या वर्षी तिच्या मुलाचा फोन आला. ती आमच्यापेक्षा कमी हिमतीची नव्हती आणि तिच्या घरच्यांनी काही कमी केलं नव्हतं. म्हणून कुणी ‘हिंमत ठेवली की कॅन्सर हरतो’ असं म्हणालं, की आम्हाला राग येतो. हिंमत लागतेच, पण सगळं तिच्या हातात नसतं.

फार मोठा भाग असतो तो कोणत्या टप्प्यावर गाठ सापडली याचा. ते आकडे सावकाश सांगतो. हे सगळे ऑपरेशननंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण असतात, त्याचे आहेत. ग्रंथी स्वच्छ असतील आणि गाठ एक सेंटिमीटरच्या आत असेल तर ९०. दोन सेंटिमीटरपर्यंत ८५. तीनपर्यंत ८०. चारपर्यंत ७३. पाचपर्यंत ६५. आजार ग्रंथींत शिरला की आकडा आणखी उतरतो आणि तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात तो ४१ वर येतो. गाठ अगदी लहान, दोन सेंटिमीटरच्या आत आणि फुप्फुसाच्या कडेला असेल, तर काही जणांचा अख्खा कप्पाही काढावा लागत नाही. छोटा भाग काढूनही निकाल चांगला येतो, हे जपानमधल्या मोठ्या अभ्यासात २०२२ साली दिसलं.

आत्यांचे ते चार महिने गोळ्यांत गेले नसते तर गाठ किती सेंटिमीटरची सापडली असती, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं. “ते कुणालाच सांगता येणार नाही,” ते म्हणाले. तो प्रश्न आम्ही तिथंच ठेवला. पण तुम्हाला सांगतो, खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर तपासा. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर ‘थुंकीत जंतू सापडले का?’ हे विचारा. दोन महिन्यांत फरक नसेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. थुंकीत रक्त, उतरणारं वजन, बसलेला आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, यातलं काहीही ‘धुराचं असेल’ म्हणून सोडू नका. ‘बाई बिडी ओढत नाही, तिला कुठून कॅन्सर?’ हेही मनातून काढा. आत्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. आपल्या देशात फुप्फुसाचा कॅन्सर होणाऱ्या बहुतेक बायकांनी ओढलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरात कोळसा जाळण्याचा धूर कर्करोगकारक ठरवलाय आणि लाकडाचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलाय. आता आमच्याकडं भाकरी गॅसवरच होते. आत्या अजून नाक मुरडतात, पण खातात.

ऑपरेशननंतर घरी काय करायचं, ते कुणी नीट सांगत नाही. आम्ही चुकत चुकत शिकलो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, टाके कमी दुखतात. चेंडूंच्या यंत्रातून दिवसातून अनेकदा थोडा थोडा श्वास आत ओढायचा. ज्या बाजूला ऑपरेशन झालं तो हात जखडू द्यायचा नाही. भिंतीवर बोटांनी चालत हात वर न्यायचा. चालणं आम्ही विजेच्या खांबांनी मोजलं. पहिल्या आठवड्यात दारापासून एक खांब, दिवाळीला अकरा.

आणखी एक बायकांचीच गोष्ट. काप काखेखालून स्तनाच्या खालपर्यंत येतो. तिथं कित्येक महिने बधिर वाटतं, आग होते, ब्लाउजची पट्टी टोचते. आत्या ते लाजून सांगत नव्हत्या, आम्हाला वाटायचं चिडचिड करतात. पुढून बटणं असलेले सैल ब्लाउज शिवले आणि निम्मी चिडचिड गेली. ते दुखणं मज्जातंतूंचं असतं, त्यावर औषध मिळतं. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

एकवीस एकवीस दिवसांच्या अंतरानं चार किमो झाल्या. अशा टप्प्यावर किमोनं पाच वर्षांचा आकडा शंभरामागं सुमारे पाचनं वाढतो, असं सांगितलं होतं. धाकटी म्हणाली, पाचसाठी एवढा त्रास? आत्याच म्हणाल्या, “त्या पाचात मी आसले तर?” आज तर आणखी एक दार उघडलंय. काढलेल्या गाठीची ‘ईजीएफआर’ नावाची तपासणी करतात. आपल्याकडे नॉन-स्मॉल सेलमधल्या ‘ॲडिनोकार्सिनोमा’ या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सुमारे चारातल्या एकाला तो बदल सापडतो, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त. तो असेल तर ऑपरेशननंतर ‘ओसिमर्टिनिब’ नावाची गोळी तीन वर्षं देतात. २०२३ साली आलेल्या निकालात ही गोळी घेणाऱ्यांत पाच वर्षांनी शंभरातले ८८ जिवंत होते, न घेणाऱ्यांत ७८. गोळी फार महाग आहे, पण तपासणीबद्दल विचारायचा हक्क तुमचा आहे. आत्यांच्या वेळी ही सोय नव्हती.

आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढणारा रुग्ण असेल तर ‘आता सोडून काय उपयोग’ असं म्हणू नका. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१० साली अंदाज काढला होता. ६५ वर्षांच्या माणसांत निदानानंतरही ओढत राहिलेल्यांपैकी शंभरातले ३३ जण पाच वर्षं गाठतील आणि सोडलेल्यांपैकी ७०. आत्यांची मिसरी होती. तिचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी जास्त, पण त्यांनी तीही सोडली. डबी अजून कोनाड्यात आहे, तिच्यात आता सुया ठेवतात.

ओपीडीत एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. नातीनं नंतर ती शोधून पडताळून पाहिली. १९३३ साली अमेरिकेत सेंट लुईस इथं एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जननी एका रुग्णाचं कॅन्सर झालेलं अख्खं फुप्फुस एकाच वेळी काढलं आणि तो रुग्ण जगला. असं त्याआधी कॅन्सरमध्ये यशस्वी झालं नव्हतं. रुग्ण स्वतः बायकांचे डॉक्टर होते, जेम्स गिल्मोर, वय ४८. एका फुप्फुसावर ते जवळजवळ तीस वर्षं जगले, १९६३ पर्यंत. सर्जन ग्रॅहम सिगारेट ओढायचे. पुढं त्यांनीच सिगारेट आणि या कॅन्सरचं नातं दाखवणारं संशोधन केलं, सिगारेट सोडली, पण १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनंच गेले. रुग्ण त्यांच्यानंतर सहा वर्षं होता. कुणाच्या वाट्याला किती येईल हे त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत कुणी सांगू शकलं असतं का?

आम्ही दर सहा महिन्यांनी तपासणीला जात राहिलो. २०२० साली लॉकडाऊनमुळं जूनचा स्कॅन नोव्हेंबरात गेला. ते पाच महिने घरात कुणी मोठ्यानं खोकायचं नाही, इतकी भीती. स्कॅन स्वच्छ निघाला. पुढं तपासणी वर्षातून एकदा झाली. जून २०२४ मध्ये पाच वर्षं पुरी झाली. त्या दिवशी आत्यांनी डॉक्टरांना विचारलं, “आता नवा करार किती वर्सांचा?” ते हसले, पण तपासणी सोडू नका म्हणाले. ज्यांना एकदा हा कॅन्सर झाला त्यांना फुप्फुसात नवी, वेगळी गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. म्हणून वर्षातून एकदा मुंबईची वारी अजून आहे.

जिना चढताना आत्यांना दम लागतो. पावसाळ्यात ती बाजू दुखते. दावणीला शेळी आहे, तिची करडं झाली, त्या करडांचीही झाली. नात बी.कॉम. होऊन एका पतपेढीत कामाला लागली. तिचं लग्न अजून झालेलं नाही आणि त्यावरून आजी-नातीची रोज सकाळी जुंपते.

जाता जाता एवढंच सांगतो. रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा घरातली एक बाई बरोबर असू द्या, आणि हातात वही-पेन. तीन प्रश्न लिहून न्या. कोणता टप्पा? शंभरातले किती, आणि त्याचा अर्थ काय? पुढची तपासणी कधी? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा, रांग असली तरी. घरी आल्यावर ते उत्तर रुग्णाच्या समोर बसून सांगा, ओसरीत चपला काढता काढता नको.